काकणबेट

"टोपी सगळ्यांनी घालायची हं! बेटावर एक रानभेंडीचं मोठं झाड सोडलं तर सावली नाही. कोणी चक्कर येऊन पडलं तर उचलायला मी एकटाच आहे," असं म्हणत सहल नेणाऱ्या चिन्मय सरांनी माझ्या हातात दोन केशरी टोप्या दिल्या. एक मी घातली. दुसरी वहिनीच्या डोक्यावर मीच चढवली आणि पुढून ओढून पार तिच्या भुवयांपर्यंत आणली.

"माझा तोंड दिसता काय गो?" तिने हळूच विचारलं.

"तुझी आवस समोर इली तरी ओळखूची नाय," मी म्हटलं. खरंच, सख्खी आईसुद्धा चकली असती.

माझा पंजाबी ड्रेस तिच्या अंगावर होता, खांद्यात ढगळ आणि कमरेत घट्ट. लांब बाह्या मुद्दाम शोधून आणल्या होत्या, हातातला हिरवा चुडा झाकायला. मंगळसूत्र आत टाकलं होतं. कुडाळात माझं पार्लर आहे. बायकांची तोंडं बदलणं हा माझा धंदाच, पण स्वतःच्या वहिनीला चोरासारखं नटवायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

'काकणबेट : निसर्ग आणि वारसा सहल, दुपारच्या जेवणासह.' तो कागद पार्लरमध्ये एक गिऱ्हाईक विसरून गेली होती. खाडीच्या पलीकडच्या बंदरातून बोट सुटायची. पलीकडचं बंदर हेच महत्त्वाचं होतं, कारण आमच्या वाडीतल्या एकाही होडीवाल्याने सुगंधावहिनीला त्या बेटावर नेलं नसतं. पैसे देऊनही नाही आणि पाया पडूनही नाही.

कारण सांगते. आमच्या वाडीतल्या बाईने काकणबेटावर पाय ठेवायचा तो एकदाच. नवरा समुद्रात गेला आणि त्याचं शव मिळालं नाही, तर नवऱ्याची आई सुनेला परवानगी देते. मग वाडीतली माणसं तिला होडीतून बेटावर नेतात, तिथल्या खडकावर ती आपला चुडा फोडते आणि परत येते. त्यानंतरच त्या माणसाचे दिवस घालतात. पण ज्या बाईचा माणूस जिवंत आहे, पाण्यावर आहे, तिने त्या बेटाकडे बोटही दाखवायचं नाही. तिने पाय ठेवला तर दर्याला वाटतं, हिने सोडलं याला, आता हा आपला. मग तो माणूस परत येत नाही.

माझा भाऊ सदादादा नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलरवर गेला तो गेलाच. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, दोघांची शवं लागली, सदादादाचं काही लागलं नाही. सहा वर्षं झाली होती त्याला. आईसमोर विषय काढला की ती एकच विचारायची, "शव खंय आसा? दाखव माका. नाय मा? मगे माझो झील पाण्यार आसा." शव नाही तोवर तिचा मुलगा पाण्यावर, म्हणजे जिवंत.

झालं! रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून दिवा. रोज त्याच्या वाटणीचं ताट. आणि वहिनीने कुंकू लावायचं, चुडा भरायचा, संध्याकाळनंतर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. म्हापशाला तिच्या भावाने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम बघून ठेवलं होतं. आई म्हणाली, "पाण्यावरच्या माणसाची बायल घर सोडीत नाय." वहिनी तेव्हा चौतीस वर्षांची होती. पोर नाही, बाळ नाही. वाट बघणं हाच तिचा संसार झाला होता.

मी आईशी किती भांडले असेन! "आये, तो गेलो. तू हिका जिवंत पुरतंस हा," असंही बोलले. आईने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. वहिनी मात्र कधी एका शब्दाने बोलली नाही. आणि मग त्या वर्षी, दिवाळीनंतरचं मोठं वादळ होऊन गेल्यावर, ती एकटीच कुडाळला माझ्याकडे आली. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "हेमा, माका त्या बेटार ने."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. शेवटी हिने मान्य केलं, आता ही सुटेल, असं मला वाटलं. दादासाठीही रडले. तोपर्यंत मला धड रडताही आलं नव्हतं. आईच्या घरात मेलेल्यासाठी रडायची बंदी होती ना!

तर त्या सकाळी आम्ही बोटीत बसलो. कोल्हापूरचं पाटणकर नावाचं निवृत्त जोडपं होतं, कॉलेजची काही मुलं-मुली होत्या आणि आम्ही दोघी, 'कुडाळच्या मैत्रिणी'. चिन्मय सर उत्साही माणूस. तिवरांची मुळं वर का येतात, खेकडे बिळं कशी करतात, सगळं हातवारे करून सांगत होते. पाटणकर काका प्रत्येक पक्ष्याला दुर्बीण लावायचे आणि प्रत्येक वेळी "घार आहे हो," म्हणून खाली ठेवायचे. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते. वहिनी समोरच्या बेटाकडे बघत होती. तिने बोटीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

बेटाजवळ पाणी उथळ होतं. बोटवाले भिकाजीमामा आधी गुडघाभर पाण्यात उतरले, शिडी लावली आणि एकेकाला हात द्यायला लागले.

"इथे एक गंमत आहे हं," चिन्मय सर म्हणाले. "मामा प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारतील. जुनी पद्धत आहे. खरं उत्तर द्यायचं."

पाटणकर काकू पुढे झाल्या. मामांनी त्यांचा हात धरला, पण शिडीवर पाय टाकू दिला नाही. "बाय, तुझो माणूस पाण्यार नाय मा?"

"माझा माणूस हा काय, दुर्बीण घेऊन बसलाय!" काकू म्हणाल्या आणि सगळी बोट हसली. पोरींनाही विचारलं. त्या खिदळत "लग्नच नाही झालं मामा" म्हणत उतरल्या. मला विचारलं. माझा नवरा एस.टी.त आहे, मी तसं सांगितलं. मामा हसत नव्हते. प्रत्येकीचं उत्तर ऐकून मगच हात ओढून घेत होते.

वहिनीची पाळी आली. हात धरताना तिची बाही मागे सरकली आणि हिरव्या बांगड्या दिसल्या. मामांनी त्या बघितल्या. टोपीखाली वाकून तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला.

"खंयची गो तू?"

"कुडाळची," मीच खालून ओरडले.

"तिका बोलू दे. बाय, तुझो माणूस पाण्यार नाय मा?"

वहिनीने दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली. पाण्याखाली असलेल्या माणसाला पाण्यावर नाही म्हणायला काय जातं, बोल ना बाई, असं मी मनात म्हणत होते.

"पाण्यार नाय," ती म्हणाली.

मामांनी हात सोडला. ती उतरली, पाण्यातून चालत काठावर आली आणि ओल्या वाळूत दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. जरा वेळाने तिने पाय उचलून बघितले. वाळूत ठसे उमटले होते. मग ती सगळ्यांच्या मागून चालायला लागली.

बेट तसं ओसाडच. मोडका टेहळणी बुरूज, त्यातून उगवलेला वीतभर पिंपळ, गोड्या पाण्याचं दगडी टाकं, त्यावर शेवाळ. पश्चिमेच्या बाजूला काळा खडक आणि त्याच्याभोवती वाळूत बारीक बारीक काचा. हिरव्या, लाल, उन्हाने पांढुरक्या झालेल्या. चिन्मय सर तिथे थांबले आणि आवाज खाली आणून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. वाईट नाही सांगितली. माझ्या आईनेही तीच सांगितली असती. कॉलेजच्या पोरींनी मोबाईल खाली घेतले. पाटणकर काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण अजूनही येतात का हो बायका?" काकूंनी विचारलं.

"क्वचित. आता मोबाईल आलेत, जीपीएस आलंय. बोटी फारशा हरवत नाहीत."

काकूंनी वाकून एक हिरवी काच उचलली आणि रुमालात गुंडाळायला घेतली, आठवण म्हणून.

"ठेव ता थंय," वहिनी म्हणाली.

इतका वेळ न बोललेली बाई एकदम बोलली, तीही अशा आवाजात, की काकू दचकल्याच. त्यांनी काच खाली टाकली आणि "सॉरी हं" म्हणत पुढे गेल्या.

जेवण भेंडीच्या झाडाखाली होतं. भात, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. सगळे पंगतीला बसले तशा आम्ही "जरा फोटो काढून येतो" म्हणून खडकाकडे गेलो. वहिनीने बाह्या दुमडल्या. मी म्हटलं, "मी धरू काय?" तिने नको म्हणून मान हलवली. मनगट खडकावर ठेवलं आणि आपटलं. बांगड्या कडकड फुटल्या. एक काच तिच्या मनगटात शिरली, रक्त आलं. दुसरा हातही तसाच. मग मंगळसूत्र काढून तिने मुठीत धरलं, टाकलं मात्र नाही.

मी ओक्साबोक्शी रडत होते. "सदादादा, जा रे. सुखान जा. आमची काळजी करू नको," असं काहीबाही बडबडत होते. तिच्या मनगटावर मी माझी ओढणी बांधली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सहा वर्षांत सगळं आटलं असेल, असं मी समजून घेतलं. माझीच मला दया आली आणि तिचीही आली.

परतीच्या बोटीत आम्ही मागच्या टोकाला बसलो. इंजिनाच्या आवाजात आमचं बोलणं कोणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला.

"बरा केलंस वयनी. आता दादाच्या जिवाक शांती मिळतली. आयेक मी समजावतंय. तू म्हापशाक जा."

ती समुद्राकडे बघत होती. म्हणाली, "तो जिवंत आसा, हेमा."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. बिचारी, चुडा फुटल्याचा धक्का. "वयनी, असा काय बोलतंस..."

"वादळात गुजरातचे ट्रॉलर आमच्या बंदरात आसऱ्याक इले होते, आठवता? मी जेटीर मासळी निवडूक गेल्लंय. एका ट्रॉलरच्या डेकार उभो होतो. दाढी ठेवल्यान हा. जाडो झालो हा. मी हाक मारलंय. सदा, म्हणान. नवऱ्याचा नाव घेतलंय सगळ्या लोकांत. तेणा वळान बघल्यान."

"कोणी दुसरो असतलो गो."

"दुसरो असतो तर हात कित्याक जोडतो?" ती म्हणाली. "माका बघून तेणा दोनय हात जोडल्यान. देवाक जोडतत तसे नाय. 'जा, बोलू नको' म्हणान. आणि केबिनीत गेलो. वादळ सरापर्यंत बोट थंयच होती. थंयसून आमचा घर दिसता, हेमा. आयेन विहिरीर दिवो लावल्यान, तो पण तेका दिसलो असतलो."

मी तिचा हात सोडून दिला. खरं सांगते, त्या क्षणी मला दादाचा राग आला नाही. दादा जिवंत आहे, एवढंच डोक्यात वाजत होतं. आणि मग लक्षात आलं की आत्ता आपण काय करून आलो. मी कोण मोठी शहाणी, शिकलेली, असल्या गोष्टी न मानणारी! पण मी त्या वाडीतली आहे. त्या बेटाचं भय मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय.

"मगे तू तेका मारूक इलंस?" मी विचारलं.

"होय."

"आणि माका वांगडा घेतलंस? माझ्या भावाक मारूक?"

"तू नसतंस तर माका कोणी हाडला नसता." तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "माका सोडून गेलो, जावंदे. माझ्यात काय कमी असात. पण म्हातारी गो! रोज ताट वाढता. पावसात छत्री धरून दिव्याकडे बसता. आणि हो समोर बोटीत बसान ता बघता."

"मी आयेक सांगतंय. आजच सांगतंय. तो जिवंत आसा म्हणान."

"सांग. कसा सांगतलंस? 'आये, तुझो झील दाराफुडे येवन गेलो आणि तुका भेटलो नाय.' असा सांगतलंस? मेलेल्या झिलाक आवस रडता आणि गप जाता. टाकून गेलेल्याक काय करतली ती?"

पुढे पाटणकर काका उभे राहून आनंदाने ओरडत होते. त्यांना शेवटी समुद्रगरुड दिसला होता. चिन्मय सर म्हणाले, "बघा, नशीब काढलंत! सहल सार्थकी लागली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई विहिरीवर दिव्याची वात सारखी करत होती. तिने आधी वहिनीचा ड्रेस बघितला आणि कपाळाला आठी घातली. मग तिचे हात बघितले. आईच्या हातातली तेलाची बुधली खाली पडली.

"खंय गेल्लंस?"

वहिनीने पडलेली बुधली उचलून कठड्यावर ठेवली.

आई माझ्याकडे वळली. मी तिची पोटची पोर, मी खोटं बोलणार नाही अशी तिची खात्री. "हेमा, खरा सांग. हिणा पाय ठेवल्यान?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. आई, तो जिवंत आहे. आई, तो इथे आला होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सुरकुत्या, गळून गेलेले दात, आणि ते डोळे, सहा वर्षं पाण्याकडे बघून बघून लाल झालेले.

"होय आये," मी म्हटलं. "ठेवल्यान."

आईने वहिनीला मारलं. दोन्ही हातांनी, जमेल तिथे. "माझ्या झिलाक खाल्लंस गो! रांडे, माझो झील येणार होतो!" शेजारपाजारच्या बायका धावत आल्या, त्यांनी तिला ओढलं. वहिनीने हातसुद्धा आडवा केला नाही. मग आई तिथेच मातीत बसली आणि तिने जो टाहो फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. त्या संध्याकाळी विहिरीवर दिवा लागला नाही.

भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला आणि दिवस सुरू झाले. आई वहिनीशी बोलत नव्हती, तिच्या हातचं पाणी पीत नव्हती. वाडीतल्या बायका कुजबुजायच्या, "घोव मेलो आणि सुनेच्या डोळ्यात पाणी नाय. दगड मेली." मी सगळं ऐकून घ्यायची. कोणाची बाजू घेऊ? तेव्हाही कळलं नाही, आणि आता आई जाऊनही किती वर्षं झाली, वहिनी म्हापशाला त्याच हॉस्पिटलातून निवृत्त व्हायला आली, तरी मला कळलेलं नाही. दादाचं पुढे काय झालं, हे मी कधी शोधलं नाही. शोधायला मन धजलं नाही.

दहाव्याला आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. आमच्यात बायकाही जातात. केळीच्या पानावर पिंड ठेवला, बाजूला दादाच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं. सगळे मागे सरले. मी वहिनीच्या शेजारी उभी होते. मला वाटत होतं, आता तास जाईल, दोन तास जातील, कावळा काही शिवणार नाही. जिवंत माणसाच्या पिंडाला कसा शिवेल? मग भटजी दर्भाचा कावळा करतील आणि वेळ मारून नेतील. खोटं कशाला बोलू, मी मनात हात जोडून तेच मागत होते. न शिवो, देवा, न शिवो.

आई पुढे होऊन म्हणाली, "ये रे माझ्या सोन्या. जेवून घे."

माडावरून एक कावळा सरळ खाली आला. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, पिंडाला चोच मारली.

"शिवलो! शिवलो!" माणसं म्हणाली. "लगेच शिवलो! समाधानान गेलो हो!"

आणि शेजारून वहिनी किंचाळली. ती धावत सुटली, चपला वाळूत राहिल्या, पदर खाली लोळत होता. हातात येईल ती वाळू ती कावळ्याच्या अंगावर फेकत होती.

"हाड! हाड मेल्या! शिवू नको तेका! जिवंत आसा तो! हाड! मी उगीच गेलंय, उगीच गेलंय मी! तो जिवंत आसा!"

कावळा उडाला. ती पिंडावर आडवी पडली, दोन्ही हातांनी तो झाकून हमसून हमसून रडायला लागली. माणसं चुकचुकली. कोणीतरी म्हणालं, "आता फुटलो बांध. बिचारी." भटजींनी मान फिरवली.

तिला उठवायला कोणीच पुढे होईना. शेवटी आई गेली. इतक्या दिवसांत तिने वहिनीला हात लावला नव्हता. ती कष्टाने वाळूत बसली, वहिनीचं डोकं उचलून तिने आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराने तिचं भाताने माखलेलं तोंड पुसायला लागली.

"नाय गो बाय, नाय," आई तिला थोपटत म्हणाली. "असा बोलू नको. गेलो तो. आता तरी मान गो. माझो झील गेलो."